पूरग्रस्त गावात जाताना वही सोबत न्यावी का?

पत्र : मी साताऱ्याची, वय 23. मराठी घेऊन एम. ए. करते आहे आणि थोडेफार लिहिते. पुराचे पाणी ओसरले त्या आठवड्यात महाविद्यालयातल्या मित्रमैत्रिणींबरोबर पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात गाळ काढायला गेले. तेव्हापासून जमेल त्या रविवारी पॅसेंजरने भिलवडीपर्यंत आणि तिथून पुढे त्या गावात जाते. सुरुवातीला आमचा मोठा गट होता, आता तिघे-चौघेच उरलो आहोत. तिथल्या एका आजींनी भिजलेली वाकळ धुऊन रस्त्याकडेच्या कुंपणावर वाळत घातली होती. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यावर मी लेख लिहिला आणि त्यांच्या फोटोसह फेसबुकवर टाकला. तो खूप वाचला गेला, एका कार्यक्रमात मला बोलायलाही बोलावले. पुढच्या खेपेला आजींच्या सूनबाई म्हणाल्या, "ताई, आमची फाटकी वाकळ सगळ्या पैपाहुण्यांनी बघितली. एकदा विचारलं तरी असतंत." तेव्हापासून मला तिथे जायची लाज वाटते आणि लिहायचीही. पण खरे सांगायचे तर या गावात जायला लागल्यापासून मला जितके सुचते तितके आधी कधीच सुचले नव्हते. लोकांच्या दुःखावर माझी प्रेरणा पोसली जाते आहे का? मी जाणे थांबवू की लिहिणे? – एक कार्यकर्ती, सातारा

उत्तर :

दोन्ही थांबवू नका. मात्र या दोन गोष्टींचा जो क्रम तुमच्याकडून लागला आहे, तो बदलावा लागेल, आणि तो बदलण्याची सुरुवात त्या सूनबाईंच्या अंगणातूनच करावी लागेल.

त्या बाईंनी तुम्हाला जे सांगितले, त्यात राग आहे, तसा विश्वासही आहे. तुमच्याबद्दल त्यांना काहीच वाटत नसते, तर त्यांनी चहा दिला असता, चार शब्द गोड बोलल्या असत्या आणि तुम्ही वळल्यावर दार लोटून घेतले असते. पूर ओसरल्यावर गावात येणाऱ्या अनेक पाहुण्यांशी लोक असेच वागतात, कारण सगळ्यांशी भांडायला अंगात त्राण नसते. तुम्हाला मात्र त्यांनी तोंडावर सांगितले. तेव्हा आधी फेसबुकवरचा तो फोटो काढा, लेखही तूर्त काढा, आणि मग त्यांच्याकडे जाऊन "तुम्हाला न विचारता मी हे करायला नको होते" एवढेच म्हणा. लेखामागचा हेतू चांगला होता, लोकांनी किती कौतुक केले, हे त्या वेळी सांगू नका, आणि तिथे रडूही नका, कारण तुम्ही रडलात तर तुमची समजूत घालण्याचे काम पुन्हा त्यांच्यावरच येईल. त्यानंतर आजींशी स्वतंत्रपणे बोला. सूनबाईंना जे खटकले ते आजींना खटकले असेलच असे नाही. कदाचित आपली गोष्ट चार लोकांनी वाचावी असे त्यांना मनापासून वाटतही असेल. घर एक असले तरी माणसे दोन आहेत आणि विचारायचे दोघींनाही राहून गेले आहे.

वाकळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे असे मला वाटते. जुनी लुगडी, धोतरे, मुलांचे आटलेले कपडे यांचे थर लावून आणि त्यांवर हाताने धावदोरा घालून वाकळ शिवतात. त्या घराने कोणत्या वर्षी काय नेसले आणि कोणत्या वर्षी काही नवे घेतलेच नाही, हे सगळे तिच्या थरांत असते. एरवी अशी वाकळ धुऊन परसात वाळत घालतात, रस्त्याच्या बाजूला नाही. पुराने परसच ठेवले नाही. ट्रंका, लग्नातले शालू, अंथरुणे, देव्हारा, धान्याची कणगी, सारे काही रस्त्यावर गाळात येऊन पडले आणि त्यांच्यामधून परकी माणसे ये-जा करू लागली. ज्या घराने दर सुगीला दारी आलेल्याला सूपभर धान्य दिले, त्याच घरातली माणसे बिस्किटाच्या पुड्यासाठी रांगेत उभी राहिली. पंचनाम्यात भिंती मोजल्या जातात, जनावरे मोजली जातात. ही मानहानी कुठल्याच रकान्यात येत नाही. सूनबाईंना वाकळीचा फोटो झोंबला, तो या सगळ्यावर वरताण म्हणून झोंबला.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तिथे गेल्यावर तुम्हाला सुचते, यात पाप नाही. ज्याला दुसऱ्याचे पाहून आत काही हलत नाही, तो गाळाची दोन घमेली काढून घरी जातो आणि पुन्हा फिरकत नाही. तुम्ही इतके दिवस टिकून आहात त्याचे एक कारण हे सुचणेही असणार, आणि त्याबद्दल स्वतःला अपराधी समजणे मला योग्य वाटत नाही. फरक करायचा तो सुचणे आणि प्रसिद्ध करणे यांत. जे मनात आले ते तुमचे आहे. आजींचा चेहरा, त्यांचे शब्द, त्यांची वाकळ हे मात्र त्यांचे आहे, आणि ते त्यांच्या परवानगीनेच गावाबाहेर जाऊ शकते.

तुमच्याच जिल्ह्यात, नायगावला जन्मलेल्या सावित्रीबाई फुले या कवयित्री होत्या. 1854 मध्ये त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला. 1876-77 च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात मदतकार्यात होत्या आणि एप्रिल 1877 मध्ये त्यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र आज आपल्याला वाचायला मिळते. तुम्ही ते जरूर मिळवून वाचा. पाऊस नाही, जनावरांना वैरण नाही, लोक गाव सोडून निघाले आहेत, सावकार लोकांना कसे नाडत आहेत, सत्यशोधक कार्यकर्ते काय करत आहेत आणि त्यांच्यावर काय प्रसंग आला आहे, असे ते पत्र आहे. कविता लिहिणारी बाई दुष्काळात उभी असताना असे पत्र लिहिते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या पत्रात त्यांचे मन नाही असे कोण म्हणेल? पण त्यांचे लक्ष समोरच्या माणसांवर आहे आणि पत्र ज्याला लिहिले आहे त्याने ते वाचून पुढचे काही करावे, या ओढीने ते लिहिलेले आहे. वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला, तेव्हा रुग्णांची शुश्रूषा करतानाच त्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. लिहिणे आणि सेवा यांत एकच काहीतरी निवडले पाहिजे, अशी समजूत त्यांच्या आयुष्याकडे पाहून तरी टिकत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, तुमच्या हातातली भाषा आधी त्या गावाच्या कामी लावा. पूर ओसरून काही आठवडे झाले की फावड्याची गरज कमी होते आणि लिहित्या हाताची गरज वाढते, हे सांगलीकर म्हणून मी जवळून पाहिले आहे. मदत मिळालेल्यांची यादी चावडीवर लागते आणि त्यात नाव नसलेली माणसे दिवसेंदिवस तलाठ्याच्या आणि तहसीलदारांच्या कार्यालयात हेलपाटे घालू लागतात. त्यांची अडचण बहुतेक वेळा एका साध्या गोष्टीत अडकलेली असते. घर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे आणि वारस नोंद झालेली नाही. ऊस ज्याने लावला, ज्याने भांगलला, त्याच्या नावावर जमीन नाही, तो खंडाने करतो. सातबारावर मालकाचे नाव असल्यामुळे पैसे मालकाच्या खात्यावर जातात. एका छताखाली दोन चुली आहेत, पण रेशन कार्ड एकच असल्यामुळे एकाच कुटुंबाला मदत मिळाली. भाडेकरूचा सगळा संसार गेला, परंतु घर त्याचे नाही म्हणून त्याला कोणी मोजलेच नाही.

अशा माणसाचा अर्ज नीट लिहिणे हे कौशल्याचे काम आहे. एका वृद्ध गृहस्थांचा अर्ज तयार होताना मी शेजारी बसले होते. ते सांगू लागले ते गावातल्या भाऊबंदकीपासून, मग धाकट्या भावाचे लग्न, मग विहिरीचा वाद, आणि अर्ध्या तासाने कुठे पडलेल्या भिंतीपर्यंत आले. लिहून घेणाऱ्या मुलाने त्यांना एकदाही तोडले नाही. सगळे ऐकून झाल्यावर त्याने एका पानात अर्ज बसवला: घराचा मिळकत क्रमांक, पाणी घरात कोणत्या तारखेला शिरले आणि कधी उतरले, कोणती भिंत पडली, पंचनाम्याच्या दिवशी ते घरी का नव्हते, शेजारच्या दोघांच्या सह्या, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. मग तो त्याने मोठ्याने वाचून दाखवला. "भावाचं नाव काढ, त्याला त्रास नको," असे गृहस्थ म्हणाले, तेव्हा त्याने ते वाक्य काढून अर्ज पुन्हा लिहिला. अर्जाची पोच घ्यायची, तिच्यावर तारीख आणि शिक्का बघून घ्यायचा, हेही त्यानेच त्यांना समजावून सांगितले. मराठीत एम. ए. करणाऱ्या मुलीने यापेक्षा चांगला लेखनाभ्यास कुठे करावा? माणसाचे सगळे ऐकून घ्यायचे, त्यातले त्याला हवे तेवढेच कागदावर आणायचे आणि ते त्याला वाचून दाखवून त्याच्या संमतीने पक्के करायचे, ही शिस्त एकदा अंगात मुरली की आजींवरचा लेख तुम्ही आपोआप वेगळ्या पद्धतीने लिहाल.

याच कामाला जोडून भिजलेल्या कागदांचे काम असते आणि तेही निगुतीने करावे लागते. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत, कडक उन्हात टाकू नयेत, कारण कागद आक्रसतो आणि शाई उडते. सावलीत, हवेशीर जागी, पानांमध्ये कोरा टिपकागद घालून आणि तो वारंवार बदलून ती वाळवावीत. पूर उतरल्या उतरल्या हे केले तर बरेच वाचते, उशीर झाला की बुरशी धरते. 2019 च्या पुरात सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयाची ग्रंथसंपदा पाण्यात गेली, तेव्हा कागद किती लवकर हाताबाहेर जातो हे या शहराने पाहिले. तुमच्या गावातल्या बासनांचे आता जे व्हायचे ते झाले असेल. तरी सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक यांच्या नव्या प्रती काढून देणे अजून बाकी असणार. लग्नाचे आल्बम मात्र कोणत्याही कार्यालयातून पुन्हा मिळत नाहीत. एखाद्या घरात अर्धवट वाचलेले फोटो असतील तर मोबाइलवर त्यांच्या प्रती काढून द्या, आणि त्या फक्त त्या घरालाच द्या.

मुलांबरोबर तुम्ही काय करता ते पत्रात लिहिलेले नाही, म्हणून एवढेच सांगते की त्यांना पुराचे चित्र काढायला किंवा पुरावर निबंध लिहायला सांगू नका. ज्याला काढायचे आहे तो न सांगता काढेल. पावसाची सर आली की दचकणाऱ्या मुलाला खेळ हवा असतो, वेळेवर भरणारी शाळा हवी असते आणि ठरलेल्या दिवशी नक्की येणारे माणूस हवे असते.

यावरून तुमच्या रोडावलेल्या गटाचा मुद्दा निघतो. 2021 च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा पहिल्या काही दिवसांत मदतीच्या गाड्यांची रीघ लागली होती आणि त्यानंतर त्या कुटुंबांना कायमच्या घरांसाठी पुष्कळ काळ वाट पाहावी लागली. आपत्तीनंतरचा हा नेहमीचा अनुभव आहे आणि गेलेल्या मित्रांना त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. कोणाची परीक्षा असेल, कोणाच्या घरी अडचण असेल. तिघे-चौघे असाल तर तिघा-चौघांना झेपेल तेवढेच काम घ्या. दर रविवारी जाणे होत नसेल तर महिन्यातला एक रविवार ठरवा, पण तो चुकवू नका, आणि येणार नसाल तर आदल्या दिवशी फोन करून तसे कळवा. लोकांनी आश्वासने पुष्कळ ऐकलेली असतात. तुमच्या येण्याचा वार त्यांना भरवशाने सांगता येणे, ही त्यांच्या दृष्टीने खरी मदत आहे, आणि तुमच्याही मनावरचा ताण त्याने हलका होईल.

तुमच्या स्वतःच्या लिखाणाविषयी एक साधी पद्धत सुचवते. गावात जाताना जी वही न्याल ती गावाची असू द्या: अर्ज, नावे, राहिलेली कामे, कोणाला काय सांगायचे आहे, एवढेच तिच्यात. ती कोणीही उघडून पाहावी, अशी असावी. परतताना भिलवडीहून गाडीत बसलात की दुसरी वही उघडा आणि त्यात मनाला येईल ते लिहा, कविता लिहा, राग लिहा, लाजही लिहा. या दुसऱ्या वहीतले काहीही लगेच छापायला देऊ नका, फेसबुकवर टाकू नका. निदान पुढचा पावसाळा जाऊ द्या. त्यातले काही वर्षभरानेही सांगण्याजोगे वाटले, तर ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या अंगणात बसून त्यांना वाचून दाखवा, आणि ते जे गाळायला सांगतील ते गाळा. चांगले वाक्य गेले म्हणून तुम्हाला वाईट वाटेल. ते सोसायला हवे.

आणि एक काम असे आहे की जे तुमच्यासारख्या लिहिणाऱ्या माणसानेच हाती घ्यावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. सांगलीत पावसाळ्यात माणसे भेटली की आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले, 2021 मध्ये 55 फुटांच्या आसपास, आणि किती फुटांना आपल्या उंबऱ्याला पाणी लागते हे नदीकाठच्या घराघराला पाठ आहे. पण हे ज्ञान बहुतेक ठिकाणी माणसांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. तुमच्या गावाला भिलवडी पुलाची पातळी जवळची. ती किती झाली की गावचा रस्ता बंद होतो, पाणी आधी ओढ्याच्या बाजूने येते की नदीच्या, कोयनेतून विसर्ग वाढवल्यापासून ते वेशीशी यायला किती तास लागतात, कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणती बाई बाळंतीण किंवा गरोदर आहे, जनावरे कोणत्या माळावर न्यायची आणि तिथे वैरण कोण देतो, 2005 च्या पुराची खूण कोणाच्या भिंतीवर आहे, हे सगळे आजी-आजोबांना, पोहणाऱ्या पोरांना, दूध घालणाऱ्यांना, आशाताईंना विचारून एका वहीत उतरवा. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातच, ब्रह्मनाळला, पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचे जीव गेले, त्यांत स्त्रिया आणि लहान मुलेही होती. पाणी चढण्याआधी कोणी कधी निघायचे हे गावाला आधीच ठाऊक असणे किती गरजेचे आहे, ते त्या तालुक्यात कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही.

ही वही गावकऱ्यांबरोबर बसून लिहा आणि पारावर वाचून दाखवा. वाचताना दुरुस्त्या निघतील, वाद होतील, ते सगळे होऊ द्या. आजींना आणि सूनबाईंना इच्छा असेल तर त्यांच्या वस्तीची माहिती त्यांनाच सांगू द्या. एप्रिलअखेर कच्ची प्रत झाली तर मे महिन्यात ग्रामसभेपुढे ठेवता येईल आणि मान्सूनच्या आधी तिच्या छापील प्रती निघतील: एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक आशाताईंकडे आणि एक पोलीस पाटलांकडे. आजारी आणि गरोदर माणसांची नावे मात्र छापील प्रतीत घालू नका. ती यादी आशाताईंकडे वेगळी ठेवा, दर वर्षी जूनमध्ये ती त्यांच्याबरोबर बसून नव्याने करा, आणि त्या कामासाठी जूनचा पहिला रविवार आत्ताच मोकळा ठेवा.